‘रिकामी हाय, दाब बिनधास्त!’

सेटवरची बंदूक खोटी, पण त्या बंदुकीनं माणूस खरंच गेला तर? ट्रिगर दाबणारा दोषी, बंदूक देणारा दोषी, की ‘चला, उशीर होतोय’ म्हणणारा?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी टी. वाय.ला होते. बेंबळीत मावशीच्या शेतात आम्ही चौघं शॉर्टफिल्म करत होतो. स्टोरी आमची, मोबाइल आमचा, बजेट शून्य. दिग्दर्शक मी. एका सीनमध्ये सावकाराचा माणूस शेतकऱ्याला धमकावायला हवेत बार काढतो. आता बंदूक आणायची कुठून? मावसभाऊ म्हणाला, आमची हाय की.

ती म्हणजे डुकरं-वानरं हाकलायची पाइपची बंदूक. तुमच्याकडंही असेल एखादी. पीव्हीसी पाइप, आत कार्बाइडचा खडा, वरनं थोडं पाणी, मागं गॅस पेटवायचा लायटर. खटका दाबला की ढुम्म! त्यातनं गोळीबिळी काही निघत नाही, नुसता आवाज. म्हणून आम्ही तिला बंदूक समजतच नव्हतो.

पहिल्या टेकला आवाज नकोच होता, फक्त ॲक्टिंग बघायची होती. मावसभाऊ म्हणाला, ‘रिकामी हाय, दाब बिनधास्त.’ सावकाराचा माणूस झालेल्या आमच्या मित्रानं नळी कॅमेऱ्याकडं केली, कारण मीच सांगितलं होतं, लेन्सकडं बघ म्हणून. आणि दाबलं. सकाळचा एक खडा आत तसाच चिकटून राहिला होता. ओल होतीच, गॅस तयार झाला होता. मोबाइल धरून उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या गालावर गरम कण उडाले. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर.

धाराशिवला डॉक्टरांकडं नेलं. डोळा वाचला. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुणी केलं हे?’ मित्र म्हणाला, मला रिकामी आहे म्हणून सांगितलं. मावसभाऊ म्हणाला, मी तोंडाकडं धर म्हणालो होतो का? मी म्हणाले, अपघात झाला सर.

‘अपघात’ हा शब्द किती सोयीचा आहे, ते मला त्या दिवशी कळलं. पुढं २०२५च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या शहरांत ह्याच कार्बाइड गननं शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या. त्यात लहान पोरंच जास्त. त्या बातम्या मी पूर्ण वाचू शकले नाही. पण ‘रस्ट’ची केस मात्र तेव्हापासून अथपासून इतिपर्यंत वाचून काढली.

‘रस्ट’ माहीत असेल तुम्हाला. नसेल तर थोडक्यात सांगते. २१ ऑक्टोबर २०२१. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेजवळच्या एका रँचवर ह्या वेस्टर्न सिनेमाचं शूटिंग चालू होतं. चर्चच्या सेटमध्ये रिहर्सल. ॲलेक बॉल्डविन हा हिरो, आणि सिनेमाच्या निर्मात्यांपैकी एक. सीन असा की त्यानं रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचं. त्याला सांगितलं गेलं होतं, ‘कोल्ड गन’. म्हणजे थंड, म्हणजे आत उडण्यासारखं काही नाही. आमच्या भाषेत, रिकामी हाय. नळी कॅमेऱ्याच्या दिशेनं होती. गोळी सुटली, सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स यांना लागून मागं उभ्या दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात घुसली. सूझा वाचले. हलिना ४२ वर्षांच्या होत्या. त्या गेल्या.

आता एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. सेटवर काडतुसं दोन प्रकारची असू शकतात. ब्लँक म्हणजे दारू असलेलं, पण पुढं गोळी नसलेलं. जाळ दिसतो, आवाज येतो. डमी म्हणजे दिसायला हुबेहूब खरं, पण आत दारूच नाही. क्लोजअपमध्ये रिव्हॉल्व्हर भरलेलं दिसावं म्हणून ते घालतात. डमीत बऱ्याचदा छोटा छर्रा टाकलेला असतो, कानाशी धरून हलवलं की खुळखुळतो. किंवा बाजूला भोक असतं. म्हणजे ओळखायला दोन सेकंद लागतात. आणि तिसरा प्रकार, खरं जिवंत काडतूस, ते सेटच्या आसपासही असता कामा नये. ‘रस्ट’च्या सेटवर ती सहा सापडली.

ब्लँक म्हणजे निरुपद्रवी, असं वाटत असेल तर तेही डोक्यातनं काढा. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम नावाच्या अमेरिकन नटानं शूटिंग लांबलं म्हणून कंटाळून, गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावलं आणि उडवलं. गोळी नव्हतीच. नुसत्या दाबानं कवटी फुटली. काही दिवसांनी तो गेला.

आणि ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली? १९९३, ‘द क्रो’चं शूटिंग. तिथं खऱ्या काडतुसातली दारू काढून घरगुती डमी बनवले होते, पण बुडाची टोपी, म्हणजे प्रायमर, तशीच ठेवली. त्या टोपीच्या छोट्याशा धक्क्यानं गोळी पुढं सरकली आणि नळीत अडकली. कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले. ब्लँकच्या दारूनं अडकलेली गोळी बाहेर ढकलली. दोन ‘बिनधोक’ गोष्टींची बेरीज होऊन २८ वर्षांचा माणूस मेला. ह्या केसमध्ये कुणावरही फौजदारी खटला चालला नाही. समोरच्या नटानं बिचाऱ्यानं सीनमध्ये लिहिलं होतं तेच केलं होतं. नळीत आत डोकावून बघायचं काम ज्याचं, तो त्या क्षणी तिथं नव्हता.

परत ‘रस्ट’कडं येऊ. कारण इथं कोर्टानं खरंच ठरवायचा प्रयत्न केला, की दोष कुणाचा.

शस्त्रांची जबाबदारी होती हॅना गुटिएरेझ-रीड हिच्याकडं. वय तेव्हा २४. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. तुमच्या कॉलेजात एम.ए.ला असणाऱ्या कुठल्याही ताईएवढी. तिला शस्त्रांबरोबर प्रॉप्सचंही काम दिलेलं होतं, एका पगारात दोन माणसं. शस्त्रांसाठी जास्त दिवस द्या, असं तिनं मागितलंही होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर खरी काडतुसं डमीत मिसळली गेली, आणि तिनं ती हलवून बघितली नाहीत. मार्च २०२४ मध्ये ज्यूरीनं तिला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. १८ महिन्यांची कैद.

असिस्टंट डायरेक्टर डेव्हिड हॉल्स. सेटवरची सुरक्षितता हे त्याचं काम. त्यानं बंदूक नीट तपासली नव्हती, हे त्यानं नंतर कोर्टात कबूल केलं. सौम्य गुन्ह्याच्या आरोपाला विरोध न करता सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर सुटला.

बॉल्डविन? त्याचं म्हणणं, मी ट्रिगर दाबलाच नाही. नटांची संघटना म्हणाली, शस्त्र तपासणं हे नटाचं काम नव्हे, त्यासाठी तज्ज्ञ नेमलेले असतात. जुलै २०२४ मध्ये खटला उभा राहिला आणि तिसऱ्याच दिवशी कोसळला. काडतुसांबद्दलचा पुरावा बचाव पक्षाला दिलाच नव्हता, म्हणून न्यायाधीशांनी केस कायमची निकाली काढली. म्हणजे नट दोषी की निर्दोष, ह्या प्रश्नाचं उत्तर ज्यूरीनं दिलंच नाही. पोलीस-वकिलांच्या चुकीमुळं तो प्रश्नच गायब झाला.

आणि पैसे लावणारे? हे वाचताना मला खरा राग आला. अपघाताच्या काही दिवस आधी त्याच सेटवर ब्लँक नको तेव्हा उडाले होते. त्याच सकाळी कॅमेऱ्याची टीम राहण्याच्या आणि सुरक्षेच्या तक्रारी करून काम सोडून गेली होती. तरी शूटिंग थांबलं नाही. राज्याच्या कामगार सुरक्षा विभागानं कंपनीला १,३६,७९३ डॉलर दंड ठोठावला, तडजोडीत तो एक लाखावर आला. तुरुंगात गेली ती फक्त २४ वर्षांची पोरगी. तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. होती, मोठी होती. पण गाडीला ब्रेक नाही हे माहीत असून ‘पळव’ म्हणणारा मालक दंड भरून मोकळा होतो आणि ड्रायव्हर आत जातो, हे आपल्याला काही नवीन नाही.

आपल्याकडं काय होतं? २०१६ मध्ये कन्नड ‘मास्ती गुडी’च्या शूटिंगला दोन कलाकारांना लाइफ जॅकेटशिवाय हेलिकॉप्टरमधून तलावात उडी मारायला लावली. दोघंही बुडाले. तिथं दिग्दर्शक, निर्माता, स्टंट दिग्दर्शक यांना अटक झाली. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडीचा स्टंट करताना एक अनुभवी स्टंटमन गेला, दिग्दर्शक पा. रंजित यांच्यासह काही जणांवर गुन्हा नोंदला गेला. आपल्याकडं अशा वेळी लागतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणानं मृत्यू. जुन्या ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता पाच.

आणि आपल्या जवळचं सांगू? मार्च २०२३, पन्हाळगड. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची टीम तिथं होती. घोडे सांभाळायला आलेला, सोलापूरकडचा १९ वर्षांचा पोरगा रात्री तटावरनं खाली पडला. फोनवर बोलत होता म्हणे. दहाएक दिवसांनी दवाखान्यात गेला. बंदूक नव्हती, स्टंट नव्हता, कॅमेराही चालू नव्हता. पण तो तिथं कामासाठीच आला होता ना? एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याला संगम माहुलीत रितेश देशमुखच्या ‘राजा शिवाजी’च्या शूटिंगसाठी आलेला एक डान्सर काम झाल्यावर कृष्णेत हात धुवायला उतरला आणि वाहून गेला. बातम्यांत हिरोचं नाव ठळक. मेलेल्याचं नाव तिसऱ्या ओळीत.

खरं तर सिनेमा कामगारांसाठी २०२५पर्यंत १९८१चा केंद्रीय कायदा होता. निर्मात्यानं कामगाराशी लेखी करार करायचा, असं त्यात होतं. कामावर इजा झाली तर तेव्हा १९२३चा भरपाई कायदा होता, त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. पण करारच नसेल, तीन मध्यस्थांमार्फत पाचशे-सातशे रुपये रोजावर पोरं आली असतील, तर मालक कोण हेच आधी सिद्ध करत बसा. मुंबई-पुण्याची प्रॉडक्शन आता आपल्याकडं येऊ लागलीत. नळदुर्गचा किल्ला आहे, धाराशिवची लेणी आहेत, माळरान फुकट आहे. गर्दीत उभं राहायला पोरं हवी असतात, आणि आपण हौसेनं जातो. जाताना कधी कुणाला विचारलंत का, की मला काही झालं तर सही कुणाची?

माझं मत विचाराल तर नटाला पूर्ण सोडायला मी तयार नाही. बंदूक हातात घेणाऱ्यानं ‘उघडून दाखव’ एवढं म्हणायला काय लागतं? पण क्रम लावायचाच तर सगळ्यात वर तो, ज्याला थांबवायचा अधिकार होता आणि ज्यानं थांबवलं नाही. आमच्या सेटवर तो अधिकार एकटीलाच होता. मला. सूर्य मावळायला लागला होता आणि मला सोनेरी उजेड हवा होता. ‘पटकन घे रे’ हे माझे शब्द त्या क्लिपमध्ये नीट ऐकू येतात. त्यानंतर आवाज, आणि मग नुसतं आभाळ दिसतं, कारण मोबाइल खाली पडला.

ती क्लिप मैत्रिणीकडं अजून आहे. डाग आता पुसट झालाय, फोटोत दिसत नाही. गेल्या महिन्यात आम्ही तोच सीन परत केला. ह्या वेळी लाकडाची बंदूक, आवाज नंतर मोबाइलवरनं टाकला. मावसभावानं ती सुताराकडनं करून आणलेली, नळी भरीव, भोकसुद्धा नाही. तरी मित्रानं हातात घेतल्या घेतल्या आधी पुढून बघितली, मग मागून, मग माझ्याकडं दिली. ‘तू बघ,’ म्हणाला. मी बघितली. मग कॅमेऱ्यामागं उभ्या मैत्रिणीकडं नेली. तिनं पण बघितली.

मग ती म्हणाली, ‘चला, रोल.’