चकटफू तिकिटाचं बिल

पॉइंट्स साठले, आता दिल्ली फुकट! असं म्हणत क्लिक करताय? जरा थांबा. शेवटच्या स्क्रीनवर जो आकडा उगवतो, तो कुणाच्या खिशात जातो ते आधी पाहू या.

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या कुठल्याही ऑफिसात एक जमात हमखास सापडते. महिन्यातून दोनदा चिकलठाणा विमानतळ गाठायचा, मुंबई नाहीतर दिल्ली, मीटिंग उरकली की परत. तिकिटाचे पैसे कंपनीचे, कंटाळा आपला आणि पॉइंट्सही आपले! त्यात क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स वेगळे. पेट्रोल भरा, प्रोझोनला शॉपिंग करा, कॅनॉटला मित्रांना पार्टी द्या, आकडा वाढतोच आहे. मग एक दिवस लंच टाइमला कुणीतरी जाहीर करतं, ‘बॉस, या वेळी आपलं तिकीट चकटफू!’

खरंच चकटफू असतं का हो? साइटवर जा, तारीख टाका, पॉइंट्स वळते करा. सगळं छान चाललेलं असतं आणि शेवटच्या पायरीवर ‘टॅक्सेस अँड फीज’ नावाची एक ओळ येते. हजार-दीड हजार रुपये. परदेशाचं तिकीट असेल तर हाच आकडा पाच अंकी होऊ शकतो. ग्यानबाची मेख इथेच आहे. पॉइंट्स बहुतेक वेळा अख्खं तिकीट विकत घेत नाहीत. ते तिकिटावरची एकच ओळ विकत घेतात, मूळ भाडं. बाकीच्या ओळींचे पैसे रोख मोजायचे.

ओळी किती, मालक किती?

विमानाचं तिकीट म्हणजे एक आकडा नसतो, ती किराण्याच्या यादीसारखी यादी असते. ‘फेअर ब्रेकअप’वर क्लिक केलंत की ती उलगडते. आधी मूळ भाडं. मग विमान सुरक्षा शुल्क. देशांतर्गत प्रवासासाठी ते एप्रिल २०२१ पासून २०० रुपये झालं, १८ टक्के जीएसटी धरून २३६. मग विमानतळाचं यूडीएफ, म्हणजे वापर शुल्क. ते प्रत्येक विमानतळाचं वेगळं. मुंबईत मे २०२५ च्या दरपत्रकात देशांतर्गत प्रवाशाला निघताना १७५ आणि उतरताना ७५ रुपये ठरले. मग छोट्या शहरांना विमानसेवा मिळावी म्हणून घेतला जाणारा प्रादेशिक जोडणीचा आकार. शिवाय इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी. बिझनेस क्लासवरचा जीएसटी तर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून १८ टक्क्यांवर गेला.

या ओळींवर चिडण्यात अर्थ नाही. हे पैसे विमान कंपनीचे नाहीतच. ती फक्त गोळा करून पुढे देते, सरकारला नाहीतर विमानतळाला. तुम्ही सीटचे पैसे पॉइंट्समध्ये दिलेत म्हणून सुरक्षा तपासणी काही फुकट होत नाही.

पण त्याच यादीत आणखी काही ओळी गुपचूप बसलेल्या असतात, आणि त्यांचा मालक कंपनीच असते. इंधन अधिभार, ‘कॅरियर इम्पोज्ड सरचार्ज’, कन्व्हीनियन्स फी, पॉइंट्सवर बुकिंग केल्याची फी. तिकिटाच्या तपशिलात ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ अशी दोन अक्षरं दिसली तर समजा, हा कंपनीनं स्वतः लावलेला अधिभार आहे. नाव करासारखं, जागा करांच्या शेजारची, पण पैसा जातो कंपनीच्या तिजोरीत. पॉइंट्सच्या तिकिटाचा सगळा झोल इथे आहे. कंपनी भाड्याची ओळ लहान आणि अधिभाराची ओळ मोठी करू शकते. रोख तिकीट घेणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, त्याची बेरीज तीच. पॉइंट्सवाल्याचे मात्र पॉइंट्सही जातात आणि पैसेही.

इंधनाच्या नावानं

हे नुसतं तर्कट नाही. इंडिगोनं ६ ऑक्टोबर २०२३ पासून तिकिटावर इंधन आकार वेगळा लावला होता. कारण दिलं विमानाच्या इंधनाच्या वाढत्या दराचं. पाचशे किलोमीटरपर्यंत ३०० रुपये, पुढच्या टप्प्याला ४००, असं करत १००० पर्यंत. म्हणजे आपल्या मुंबई विमानाला ३०० आणि दिल्लीला ४००. इंधन उतरल्यावर ४ जानेवारी २०२४ ला कंपनीनं तो काढूनही टाकला. हा झाला सरळ व्यवहार, दर जाहीर आणि कारणही जाहीर.

सगळीकडे इतकं सरळ नसतं. ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंट्स योजनेतल्या अमेरिकी सभासदांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. म्हणणं असं, की बक्षिसाच्या तिकिटावर ‘इंधन अधिभार’ म्हणून जी दणदणीत रक्कम घेता, तिचा इंधनाच्या खर्चाशी संबंधच नाही. २०१८ मध्ये तडजोड झाली आणि सभासदांना रोख रक्कम किंवा पॉइंट्स असा पर्याय मिळाला. आपल्याकडे मालवाहतुकीवरच्या इंधन अधिभाराची भानगड स्पर्धा आयोगापर्यंत गेली होती. तीन कंपन्यांनी संगनमतानं अधिभार ठरवल्याचं सांगत आयोगानं मार्च २०१८ मध्ये त्यांना मिळून सुमारे ५४ कोटींचा दंड ठोठावला. तात्पर्य काय, तर अधिभार हा मीटर नव्हे. तो कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं.

पॉइंटचा खरा भाव

आता मुद्द्याचं बोलू. फुकट की महाग, हे ठरवायचं कसं? फंडा अगदी सोपा आहे. तेच तिकीट रोखीनं केवढ्याला मिळतंय ते बघा. त्यातून तुम्हाला तरीही भरावे लागणारे रुपये वजा करा. उरेल त्याला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा.

समजा, दिल्लीचं तिकीट रोखीनं ५,६०० रुपयांना आहे. पॉइंट्सवर ८,००० पॉइंट्स आणि वर १,४०० रुपये. (आकडे फक्त गणितापुरते.) आपण घाईत ५,६०० भागिले ८,००० करतो आणि ‘एका पॉइंटला ७० पैसे, मस्त!’ म्हणून खूश होतो. खरं गणित ४,२०० भागिले ८,००० असं आहे. साडेबावन्न पैसे. पॉइंट्स जर क्रेडिट कार्डाचे असतील, तर ते वळते करायला काही बँका ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात, म्हणजे जवळपास ११७. भाव आला ५१ पैशांवर. आणि त्याच आठवड्यात कंपनीचा सेल लागला, तिकीट ३,९०० झालं, पण पॉइंट्स मात्र तेवढेच मागितले, तर एका पॉइंटचे मिळाले जेमतेम ३० पैसे! शिवाय रोखीच्या तिकिटावर नवे पॉइंट्स मिळाले असते, बक्षिसाच्या तिकिटावर ते सहसा मिळत नाहीत.

स्वस्त आणि जवळच्या प्रवासाला हे दुखणं जास्त जाणवतं, कारण ठरलेली शुल्कं तीच राहतात आणि वाचणारं भाडं मात्र थोडं असतं. मुंबई हे त्याचं पक्कं उदाहरण. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत आता नांदेडहून निघते, समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पॉइंट्स वापरूनही भरावी लागणारी रक्कम एकदा त्या ट्रेनच्या भाड्याशेजारी मांडून बघा. पॉइंट्सची खरी मजा येते ती ऐनवेळच्या महागड्या तिकिटाला. दिवाळीला घरी यायचंय आणि रोखीचे दर आभाळाला भिडलेत, तेव्हा तोच पॉइंट दुप्पट भाव देऊन जातो. अर्थात पॉइंट्सची सीट शिल्लक असेल तर, आणि मागणीनुसार पॉइंट्सही वाढवले नसतील तर.

परदेशाचा बेत असेल तर आपल्या शहराची एक खास अडचण आहे. मुंबईहून लंडनचं तिकीट पॉइंट्सवर मिळालं म्हणून उड्या मारू नका. चिकलठाण्याहून मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलंत, तर त्याची शुल्कं वेगळी, बॅग पुन्हा उचलून पुन्हा द्यायची, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं विमान चुकण्याची जोखीम तुमची. शक्य असेल तिथे अख्खा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. परतीच्या करांकडेही लक्ष असू द्या. ब्रिटनमधून निघताना तिथलं सरकार प्रवाशाकडून जो कर घेतं, तो बक्षिसाच्या तिकिटालाही चुकत नाही.

बेत बदलला तर?

बॉसनं ऐनवेळी रजा नाकारली. आता? पॉइंट्स परत खात्यात टाकायला कंपनी फी घेईल, काही वेळा पॉइंट्स बुडतीलही. पण रोख भरलेल्या पैशांचं पाणी सोडू नका. ऑगस्ट २०१६ पासून डीजीसीएचा नियम आहे, की तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं प्रवाशाला परत द्यायची. सवलतीच्या आणि ‘नॉन रिफंडेबल’ तिकिटालाही. मात्र इंधन अधिभाराला हे संरक्षण नाही. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार एवढ्यापर्यंत लावता येतं. आता कळलं, कोणती ओळ कुणाची हे बघायला का सांगितलं?

आणखी एक शस्त्र हाताशी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार सांगितलेत. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीपर्यंत थेंबाथेंबानं ती वाढवत नेणं हा त्यातलाच एक. न विचारता विमा किंवा देणगी कार्टमध्ये घुसवणं हा दुसरा. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढा, आधी कंपनीला ईमेल करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. विमान प्रवासासाठी सरकारचं एअरसेवा पोर्टलही आहे. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही.

साठवून साठवून किती?

‘सध्या राहू देत, पुढे मोठी ट्रिप करू,’ हा आपला लाडका विचार. पण पॉइंट्स म्हणजे बँकेतली एफडी नव्हे, त्यावर व्याज मिळत नाही. उलट नियम बदलायचा हक्क कंपनीकडे असतो. आज ८,००० पॉइंट्सना मिळणारी सीट उद्या १२,००० ला झाली, तर तुमची एक तृतीयांश कमाई बसल्याजागी गेली.

कंपनीच गेली तर? ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली, आणि तिच्या किंग क्लबचे माइल्स साठवणाऱ्यांसाठी ती विमानंच उरली नाहीत. आपल्या शहरातून वर्षानुवर्षं उडणाऱ्या जेटची सगळी उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. जेटची पॉइंट्स योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून ती तगली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटरमाइल्स झाली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट्स महाराजा क्लबमध्ये गेले. इंडिगोची ब्लूचिप योजनाही २०२४ चीच. दर वेळी नवं नाव, नवं कार्ड, नवी नियमावली. ती वाचायचा कंटाळा येतो, आणि कंपन्यांना आपला हा कंटाळा चांगलाच ठाऊक असतो!

क्लिक करण्याआधी

* त्याच विमानाचं रोखीचं तिकीट दुसऱ्या टॅबमध्ये उघडा आणि पॉइंटचा भाव काढा.
* तुमची मर्यादा आधी ठरवा. कार्डाचा पॉइंट बिलात वळवून किती पैसे मिळतात, त्याहून कमी भाव आला तर तिकीट रोखीनंच घ्या.
* फेअर ब्रेकअप वाचा. सरकार आणि विमानतळाच्या ओळी एका बाजूला, कंपनीच्या दुसऱ्या बाजूला.
* सीट, जेवण, विमा यांच्या टिकमार्कवर नजर ठेवा.
* बँकेचे पॉइंट्स कंपनीकडे वळवण्याआधी सीट शिल्लक आहे का ते बघा. एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत.
* पॉइंट्सची मुदत कॅलेंडरवर टाका.

पॉइंट्स वापरूच नका असं कुणी म्हणत नाही. ते तुम्ही कमावलेत. पहाटेचा अलार्म, उशिरा सुटलेली विमानं आणि रात्री अकराला घरी पोचणं, यातून ते साठलेत. म्हणूनच ते ३० पैशांना विकू नका. आणि लंच टाइमला पुन्हा कुणी ‘चकटफू’ म्हणालं, तर फक्त एवढंच विचारा, ‘वर किती भरलेस?’