साधन-अभिज्ञान, घरगुती संगणक-जाळ्यातील

एकाच जाळ्याला जोडलेल्या संगणक, मुद्रक, साठवण-पेटी इ. साधनांनी परस्परांचे नाव व अंकी पत्ता शोधून काढण्याच्या क्रियेस साधन-अभिज्ञान म्हणतात. विंडोज, मॅकओएस व लिनक्स या परिचालन प्रणाली एकत्र नांदत असलेल्या मिश्र जाळ्यात ही क्रिया पुष्कळदा मंद होते. चालू साधन यादीत दिसत नाही, तर बंद केलेले बराच वेळ दिसत राहते. प्रत्येक प्रणालीची शोधपद्धती भिन्न असणे हे याचे एक प्रमुख कारण होय.

विंडोजच्या जुन्या पद्धतीचा पाया १९८३ मध्ये आयबीएमच्या संगणक-जाळ्यासाठी तयार झालेल्या नेटबायॉस या प्रणालीत आहे. तीत संगणकांमध्ये एक प्रकारची निवडणूक होऊन त्यांपैकी एक प्रमुख यादीधारक ठरतो. इतर संगणक आपले अस्तित्व आरंभी दर मिनिटास व पुढे दर १२ मिनिटांनी घोषित करतात. लागोपाठ तीन घोषणा चुकल्यावरच, म्हणजे ३६ मिनिटांनी, नाव वगळले जाते. दुय्यम यादीधारक आपली प्रत दर १५ मिनिटांनी नवी करून घेत असल्याने बंद संगणकाचे नाव ५१ मिनिटांपर्यंत टिकू शकते. लिनक्सवरील सांबा ही आज्ञावलीही या निवडणुकीत भाग घेते. त्यामुळे सतत चालू राहणाऱ्या संगणकाकडे यादी सोपविणे इष्ट असते.

ही यादी एसएमबी या फाइल-वाटप संकेताच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवी आज्ञावलीने विंडोजमधील याच आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन ब्रिटनमधील रुग्णालयांसह अनेक देशांतील संगणक निकामी केले. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून (२०१७) ती मूळ मांडणीतून वगळण्यास सुरुवात झाली. यादीसाठी विंडोज आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही पद्धती वापरते. ॲपलची साधने व बहुतेक लिनक्स संगणक एमडीएनएस ही पद्धती वापरतात. साठवण-पेटी केवळ दुसऱ्या पद्धतीने घोषणा करीत असेल, तर ती विंडोजच्या यादीत येत नाही. अशा वेळी तिच्यावर डब्ल्यूएसडीडी ही साहाय्यक आज्ञावली चालवावी लागते.

दोष शोधताना प्रथम साधनाशी अंकी पत्त्याने संपर्क साधावा. तो तत्काळ झाल्यास जोडणी ठीक असून दोष नामशोधात आहे, असे समजावे. तसा न झाल्यास तार, रेडिओ-संदेश व फायरवॉल तपासावी. विंडोजमध्ये जाळे ‘सार्वजनिक’ ठरविलेले असल्यास अभिज्ञान बंद राहते; घरातील जाळे ‘खाजगी’ असावे. नावाने संपर्क काही सेकंदांनंतर होत असेल, तर पहिला नाम-सेवक बंद असण्याचा संभव असतो. लिनक्स सामान्यतः ५ सेकंद वाट पाहून दुसऱ्यास विचारते. पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे किंवा दुसरा राऊटर यांमुळेही घोषणा पलीकडे पोहोचत नाहीत.

राऊटरमध्ये प्रत्येक साधनास कायम पत्ता राखून ठेवणे व तो संगणकांच्या होस्ट्स फाइलीत नोंदविणे, हा सोपा व टिकाऊ उपाय होय. यादी पूर्ववत दिसावी म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करणे मात्र धोक्याचे आहे. त्यायोगे थोड्याशा सोयीसाठी घरातील सर्व कागदपत्रे व छायाचित्रे असुरक्षित होतात.