मुठीतला मोर्चा – भाग ७ : माघार कोण ठरवतं?

  गंगाखेड तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाही. त्या लिहितात, "सर, ग्रुपवर हाक आली की आम्ही परभणीला जिल्हा परिषदेसमोर जाऊन बसतो. पण उठायचं कधी, हे कोण ठरवतं?"

ताई, नेमक्या याच प्रश्नावर महाराष्ट्रातली दोन मोठी आंदोलनं अडली.

पहिलं पुणतांबा गावाचं. ग्रामसभेत ठराव झाला आणि 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध आणि भाजीपाला शहराला पाठवायचा नाही, हा साधा कार्यक्रम व्हॉट्सॲपवरून गावोगाव गेला. 2 जूनच्या रात्री काही प्रतिनिधी मुख्यमंत्र्यांशी बोलले आणि 3 तारखेच्या पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. पण ज्या फोनवरून हाक गेली होती, त्याच फोनवरून नकार फिरू लागला. संप चालूच राहिला. 11 जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली.

दुसरं एसटी बस कर्मचाऱ्यांचं. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतलं, पण कर्मचारी आगारातून उठले नाहीत. त्यांना एसटी महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण हवं होतं. नोव्हेंबरात पगारवाढ जाहीर झाली, तरी बरेच जण कामावर आले नाहीत. शेवटी उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत हजर व्हायला सांगितलं. तोवर सहा महिने गेले. बसवर अवलंबून असलेल्या खेड्यांनी ते कसे काढले, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

असं का होतं? फेब्रुवारी 1984 मध्ये शेतकरी संघटनेचं अधिवेशन परभणीत भरलं, तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. निरोप माणूस घेऊन यायचा आणि परत जाताना गावाचं म्हणणं घेऊन जायचा. येणं-जाणं दोन्हीकडून होतं. ग्रुपवर हाक क्षणात हजारोंपर्यंत पोचते, परतीची वाट मात्र अरुंद असते. व्हॉट्सॲपने 2018 मध्ये ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येईल अशी सोय दिली. अफवा आवरायला ती फार उपयोगी आहे, मीही अनेकांना ती सुचवली आहे. पण ती लावली की सेविकेचं "नाही" ग्रुपवर उमटतच नाही. ती मग मैत्रिणींचा वेगळा ग्रुप काढते. एका संघटनेचे असे दहा ग्रुप झाले की दहा निर्णय होतात.

मग मतं ग्रुपवरच घ्यावीत का? नोव्हेंबर 2022 पासून तशी सोय आहे. पण ती एकदा स्वतः उघडून पाहा. 'मतं पाहा' वर बोट ठेवलं की कुणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. मानधनावर राबणारी, घरात एकटी कमावती असलेली बाई तिथे "आता थांबू या" यावर बोट ठेवायला दहा वेळा विचार करेल. गप्प राहिलेल्यांना संमती धरून चालत नाही.

म्हणून ताई, माझं मत स्पष्ट आहे. संपाची नोटीस देतानाच ठरवून ठेवा: माघारीचा प्रस्ताव आला तर बीटनिहाय, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांची, बैठक घ्यायची, चिठ्ठीवर मत द्यायचं, मोजणी सगळ्यांसमोर करायची आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. एक दिवस जास्त जाईल. पण मग कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही, आणि पुढच्या हाकेला तेवढ्याच बाया येतील.

हाक फोनवरून द्या. माघार मात्र एकत्र बसून, मतं मोजूनच घ्या.