मराठी कुमार कथासाहित्यातील स्वओळख

मराठी कुमार कथासाहित्यातील स्वओळख या विषयात पौगंडावस्थेतील किंवा नुकत्याच तारुण्यात आलेल्या पात्राने ‘मी कोण?’ या प्रश्नाचा घेतलेला शोध ज्या कथा-कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी असतो, त्यांचा विचार होतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी स्वओळख आणि भूमिकांविषयीचा संभ्रम यांतील ओढाताण हा या वयाचा मुख्य संघर्ष मानला. मराठीत या शोधाचे क्षेत्र बहुतेक वेळा घर आणि शाळा हेच राहिले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा परिसरातून आलेले लेखन त्याला ठळक अपवाद आहे.

परंपरा

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये मुलाची घडण आईच्या संस्कारांतून होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे साहसामागून साहस करतो, पण स्वतःविषयी त्याला कधी शंका पडत नाही. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधील लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे सीमाभागात वाढतो, त्याची मराठीही कानडीच्या सहवासात घडलेली आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मधील (२००४) मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत शिकतो. हे सर्व नायक परस्परांहून पुष्कळ वेगळे आहेत. तथापि त्यांचे नाव, भाषा आणि गावातील स्थान यांना आव्हान देणारा कोणी बाहेरून येत नाही.

हेमलकसा आणि जुरू

हेमलकसा हे भामरागड तालुक्यातील गाव. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालविला. परिसरातील माडिया गोंड समाजाचा समावेश महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. कातकरी व कोलाम हे अन्य दोन होत. गोंड समाजात व्यक्तीची ओळख गाव, कूळ आणि कुळाच्या देवांची संख्या यांवरून ठरते. चार, पाच, सहा किंवा सात देव मानणारे असे कुळांचे गट असून एकाच गटात विवाह होत नाही. ‘तू कोण?’ या प्रश्नाला येथील तरुणाजवळ जन्मतःच उत्तर असते.

त्या उत्तराला धक्का बसला तो बाहेरून. वनखात्याचे कायदे, बांबू व तेंदूपत्त्याचे ठेकेदार आणि १९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातून आलेले नक्षलवादी गट यांनी माडिया गावांचे जीवन बदलले. लोकबिरादरी प्रकल्पाचे कार्यकर्ते विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी या पार्श्वभूमीवर घडते. तिचा नायक जुरू हा माडिया तरुण असून इच्छा नसतानाही तो या संघर्षाच्या कचाट्यात ओढला जातो.

ही कादंबरी कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाही. (त्याच लेखकाचे ‘नेगल’ हे प्रकल्पातील प्राण्यांविषयीचे पुस्तक मात्र कुमार वाचकांनाही सहज आपलेसे वाटावे असे आहे.) तरीही स्वओळखीच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. शीर्षकातील ‘जन्म’ हा शब्द दुसऱ्या जन्माचा आहे. माणूस आधीच जन्मलेला असतो, त्याला कूळ व गाव असते. नंतर परिस्थिती त्याच्यावर नवे नाव लादते. मुकुंद जोशीला आपण कोण व्हावे याचा विचार करण्यास उसंत मिळते. जुरूला ती मिळत नाही.

अमेरिकी आदिवासी जीवनावरील शर्मन अलेक्सी यांची, मुद्दाम कुमारांसाठी लिहिलेली २००७ ची कादंबरी येथे तुलनेस उपयोगी पडते. तिच्या नायकाला राखीव वस्तीत ‘ज्युनिअर’ म्हणतात, तर दूरच्या गोऱ्यांच्या शाळेत ‘अर्नोल्ड’. दोन्ही नावे त्याचीच असतात, आणि दोन्हींपैकी एकही त्याला पुरे पडत नाही. मात्र ही कथा त्या समाजातीलच लेखकाने प्रथमपुरुषी सांगितली आहे. जुरूची कथा माडियांमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या, परंतु बाहेरून आलेल्या लेखकाने सांगितली आहे. हा फरक तिच्या वाचनात दृष्टीआड करता येत नाही.

भाषेचा प्रश्न

माडिया ही गोंडीशी निकटची द्राविडी बोली असून ती प्रामुख्याने मौखिक राहिली आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी आश्रमशाळेत येणाऱ्या अनेक मुलांसाठी मराठी ही शाळेत भेटणारी भाषा होती. परिणामी येथील विद्यार्थी कथेतील नायकाशी स्वतःची तुलना करतो, ती दुसऱ्या भाषेतून. ‘शाळा’मधील मुलांची थट्टा, टोपणनावे आणि घरगुती बोलणे नागर मराठी वाचकाला ओळखीचे वाटते, माडिया मुलाला तेच आधी शिकून घ्यावे लागते. उलट जुरूच्या जगातील जंगल, शिकार आणि नात्यागोत्याचे व्यवहार समजण्यासाठी नागर वाचकाला स्पष्टीकरणाची गरज भासते, आणि मराठी कादंबरी स्वाभाविकपणे त्याच वाचकाला समोर ठेवून ते देते.