धातु–कार्बनी चौकटींची प्रकाशीय पटले

धातु–कार्बनी चौकटींची प्रकाशीय पटले : धातूचे आयन (विद्युत् भारित अणू) आणि त्यांना सांधणारे कार्बनी रेणू यांच्या सच्छिद्र स्फटिकी चौकटीचा, प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुल्य अशा जाडीचा थर काच, सिलिकॉन इत्यादींच्या पृष्ठावर वाढविला म्हणजे मिळणाऱ्या पटलांस ही संज्ञा लावतात. नेहमीच्या प्रकाशीय पटलात छिद्रे असणे हा दोष समजला जातो. येथे मात्र पटलाचे सर्व कार्य छिद्रांवरच अवलंबून असते.

पावसात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात दिसणारे रंग व्यतिकरणाने उत्पन्न होतात. तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांत मिसळतात आणि काही तरंगलांबींचा प्रकाश बळावतो, तर काहींचा लोपतो. कोणता रंग उठून दिसेल हे पटलाची जाडी व त्याचा प्रणमनांक (निर्वातातील प्रकाशवेगाचे माध्यमातील प्रकाशवेगाशी असलेले गुणोत्तर) यांच्या गुणाकारावरून ठरते. कॅमेऱ्याच्या भिंगांवरील लेपात याच तत्त्वाचा उपयोग करतात. उघड्या काचेच्या एका पृष्ठावरून लंबवत पडणाऱ्या प्रकाशाचा सु. ४ टक्के भाग परत फिरतो, मॅग्नेशियम फ्ल्युओराइडाचा (प्रणमनांक १.३८) सु. १०० नॅनोमीटर (नॅमी.; १ नॅमी. म्हणजे मीटरचा एक अब्जांश) जाडीचा थर दिल्यास हिरव्या प्रकाशासाठी हे प्रमाण सु. १.३ टक्क्यांवर येते.

असे लेप बहुधा निर्वातात बाष्पीभवनाने बसवितात. त्यांची वाढ सूक्ष्म स्तंभांच्या रूपाने होते व स्तंभांमध्ये पोकळ्या राहतात. हवेतील बाष्प त्यांत शिरले की प्रणमनांक वाढतो आणि काळजीपूर्वक बनविलेल्या प्रकाशगाळणीची तरंगलांबी सरकते. लेप बनविणाऱ्यांना या सरकण्याचा फार उपद्रव होई. पोकळ्या मुद्दाम ठेवल्या, त्यांचा आकार रेणूंच्या मापाचा व सर्वत्र सारखा केला, तर तेच सरकणे मापनाचे साधन होऊ शकते.

अशा पोकळ्या धातु–कार्बनी चौकटीत आयत्याच मिळतात. रिचर्ड रॉब्सन यांनी १९८९ मध्ये अशा जालरचनेची दिशा दाखविली. १९९९ मध्ये ओमर यागी व सहकाऱ्यांची जस्तयुक्त चौकट आणि हाँगकाँग येथील तांबेयुक्त चौकट प्रसिद्ध झाली. रॉब्सन, यागी व सुसुमु कितागावा यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पटल वाढविण्याची रीत साधी आहे. जस्ताचे लवण व मिथिल इमिडाझोल यांच्या मिथेनॉलातील ताज्या मिश्रणात काच बुडवून ठेवली की तिच्यावर झिफ–८ या चौकटीचे स्फटिक वाढतात. बुडविण्याच्या फेऱ्या वाढवीत नेल्या की जाडी वाढते. तांबेयुक्त चौकटीसाठी धातूचे द्रावण व कार्बनी अम्लाचे द्रावण यांत पृष्ठ आळीपाळीने बुडवितात. ही थरवार पद्धती जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. स्फटिककण मोठे झाले तर पटल दुधी होते व प्रकाश विखुरते, म्हणून खरे कौशल्य कण बारीक ठेवण्यात आहे.

झिफ–८ च्या पोकळ्यांचा व्यास सु. १.२ नॅमी. असून त्यांकडे नेणारी द्वारे केवळ ०.३४ नॅमी. रुंद असतात. रिकाम्या पटलाचा प्रणमनांक सु. १.३९ येतो. समजा, असे १,००० नॅमी. जाडीचे पटल सिलिकॉनवर आहे. तर त्याचे पाचव्या क्रमाचे परावर्तन ५५६ नॅमी. ला म्हणजे पिवळसर हिरव्या रंगात बळावेल. पोकळ्या एखाद्या बाष्पाने भरून प्रणमनांक १.४६ झाला, तर तेच शिखर ५८४ नॅमी. ला, म्हणजे पिवळ्या रंगात जाईल. हा फरक साध्या वर्णपटमापकाने सहज मोजता येतो. अमेरिकेतील ग्वांग लू व जोसेफ हप यांनी २०१० मध्ये अशा पटलाने एथिल अल्कोहॉलाचे बाष्प ओळखून दाखविले. या चौकटीचा अंतर्भाग जलविरोधी असल्याने पाण्याच्या वाफेला ते पटल जवळजवळ दाद देत नाही.

साखरधंद्याच्या दृष्टीने हा गुण लक्षणीय आहे. वडीगोद्री (जि. जालना) जवळ अंकुशनगर येथे सहकारी साखर कारखाना आहे, राज्यातील अशा अनेक कारखान्यांना मद्यार्कनिर्मितीची जोड आहे. ऊर्ध्वपातनाच्या जागी वाफ मुबलक असते आणि तिच्यातूनच गळणारे मद्यार्काचे बाष्प ओळखावे लागते. हवेत त्याचे प्रमाण घनफळाने सु. ३.३ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. प्रकाशतंतूच्या टोकावर पटल असेल, तर त्या जागी विद्युत् प्रवाह न्यावाच लागत नाही, हा मोठा फायदा होय. मात्र पटल केवळ प्रणमनांकातील बदल सांगते, तो कोणामुळे झाला हे सांगत नाही. द्वारातून जाऊ शकणारे दुसरे बाष्पही तोच परिणाम घडविते. म्हणून निरनिराळ्या चौकटींची पटले शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या प्रतिसादांची तुलना करणे अधिक भरवशाचे ठरते.

महाराष्ट्रात या चौकटींवरील संशोधन मुख्यतः पुण्यात झाले आहे. यागी यांच्या गटात झिफ वर्गाच्या संश्लेषणावर काम केलेले राहुल बॅनर्जी पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करीत होते. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील सुजित घोष यांच्या गटाने २०१३ मध्ये पिक्रिक अम्लासारखी नायट्रो स्फोटके अशा चौकटीच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धती दिली. तीत व्यतिकरणाचा संबंध नाही; स्फोटकाच्या सान्निध्यात चौकटीचे अनुस्फुरण मंदावते, हे तिचे मर्म होय.

टिकाऊपणा ही या पटलांची कच्ची बाजू आहे. यागींची जस्तयुक्त चौकट दमट हवेत ढासळते. तांबेयुक्त चौकटीतील तांब्याला पाणी चिकटते, तिचा रंग पालटतो व दीर्घकाळ ओल राहिल्यास ती खराब होते. झिफ–८ उकळत्या पाण्यातही तग धरते, परंतु अम्लात विरघळते. आंबवणीच्या जागी अम्लबाष्पे असतात, ही गोष्ट वरील उपयोगात विसरून चालणार नाही. टिटॅनियम डायऑक्साइड व झिफ–८ यांचे एकाआड एक थर देऊन परावर्तन ठळक करता येते, पण खालच्या थरांपर्यंत बाष्प पोहोचण्यास त्यामुळे अधिक वेळ लागतो.