चौथी भाषा

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचं गाव, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचं. या भागात डोंगरी बुजुर्गची मॅंगनीज खाण आहे. मॉईल या सरकारी कंपनीची ही उघडी खाण ड्राय बॅटरीला लागणाऱ्या मॅंगनीज डायऑक्साइडसाठी ओळखली जाते. इकडचा माणूस घरी झाडीबोली किंवा पोवारी बोलतो, काही घरांत गोंडी. बाजारात हिंदी, कागदावर प्रमाण मराठी. तीन भाषा सहज बोलणारा हाच माणूस इंग्रजी म्हटलं की मान खाली घालतो. ‘आता या वयात काय जमते?’ हे वाक्य मला फार लागतं, कारण ते खरं नाही.

खाणीच्या आसपास कान दिला तर शिफ्ट, डंपर, ब्लास्टिंग, हेल्मेट, गेट पास हे शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात. म्हणजे पहिला धडा आधीच पाठ आहे. प्रौढांच्या वर्गाची सुरुवात या शब्दांपासून व्हावी, लहान मुलांच्या ॲपल-बॉलपासून नव्हे. चाळिशीच्या माणसाच्या हाती चित्रांचं पुस्तक दिलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

अशा वर्गात मागच्या बाकावर बसलं की अडतं कुठे ते कळतं. झाडीबोलीच्या उच्चारात ण, छ, श, ष, ळ हे पाच वर्ण नाहीत. त्यामुळे ‘शी’ आणि ‘सी’ ऐकायला एकच होतात. शिक्षकाने इथे हसू नये. जीभ कुठे टेकते ते दाखवावं, पुरे. ‘मला भूक लागली’ म्हणताना आपल्याकडे भूक येऊन माणसाला लागते. इंग्रजीत माणूस स्वतःच ‘हंग्री’ असतो. वाक्याची ही उलटापालट शब्द पाठ करून उमगत नाही, तोंडात घोळवावी लागते. डोंगर ‘तो’ आणि नदी ‘ती’ म्हणणाऱ्याला दोघांना ‘इट’ म्हणताना चुकल्यासारखं वाटतं. सगळ्यात अवघड ‘यू’. साहेबालाही ‘यू’ आणि पोरालाही ‘यू’? तुम्ही-तू सांभाळत मोठ्या झालेल्या माणसाला हा उद्धटपणाच वाटतो. ही अडचण व्याकरणाची नाही, रीतीची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य बांधायला शिकवलं, तिचं ऋण मोठंच. पण हा संकोच समोरासमोर बोलूनच जातो.

मोठ्या माणसांसाठी शाळा ही काही नवी कल्पना नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला वेळ रात्रीचाच मिळतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

इंग्रजी शिकताना सोसाव्या लागणाऱ्या बोलण्यांचं मन हलवणारं वर्णन मात्र मला रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त (1910) भेटलं. 1862 साली देवराष्ट्र्याला जन्मलेल्या रमाबाई अकराव्या वर्षी सासरी आल्या. नवऱ्याने, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी, रात्री धडे द्यायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी दिवसा टोमणे मारायचे, असा तो काळ. मुलींच्या हायस्कूलसाठी त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचलं. बाहेर कौतुक झालं, घरी बोलणी खावी लागली. पुढे त्याच रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालवले. शिकणाऱ्याची लाज किती जड असते हे स्वतः सोसलेल्या बाईने ते काम हाती घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

नाकाडोंगरीतल्या एखाद्या बाईला बँकेचा अर्ज भरायचा असेल, मुलीच्या वहीतला शेरा वाचायचा असेल, तर तिला शेक्सपिअर नको आहे. ‘नेम’, ‘डेट’, ‘सिग्नेचर’ एवढ्या तीन रकान्यांनी तिचा वर्ग सुरू होऊ शकतो. तिसऱ्या रकान्यात ती सही मराठीतच करेल, आणि शिक्षकाने ती तशीच राहू द्यावी.