धान्याची ओल आणि धुराचा हिशेब

शेतातून निघालेले धान्य थेट तोंडात जात नाही. ते वाळवावे लागते, भरडावे लागते, दळावे लागते, मग शिजवावे लागते. यांपैकी बहुतेक कामांत कुठे ना कुठे काहीतरी जळते. चुलीत सरपण जळते, मळणीयंत्राला डिझेल लागते आणि गिरणीच्या विजेमागे कोळसा असतो. या जळण्यातून निघणारा कार्बन डायॉक्साइड वायू पृथ्वीभोवती घोंगडीसारखा राहतो व उष्णता धरून ठेवतो. अशा वायूंना हरितगृह वायू म्हणतात. जगात माणूस जेवढे हरितगृह वायू सोडतो, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अन्नाच्या पायी सुटतात. त्यातला मोठा भाग शेती, गुरे आणि जंगलतोड यांचा. प्रक्रियेचा भाग त्यामानाने लहान, पण तो आपल्या हातातला आहे. म्हणून त्याचा हिशेब येथे मांडतो.

प्रथम विजेचे पाहू. पिठाची गिरणी, डाळमिल, तेलाचा घाणा हे सर्व आता विजेवर चालतात. आपल्या देशात एक युनिट वीज वापरली, की सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायॉक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज कोळशाची आहे. हा कोळसा दूरचा नाही. 2016 साली जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत सिंगरेणीच्या मंचेरियल व बेल्लमपल्लीच्या खाणी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होत्या. मंचेरियलजवळ जयपूर येथे सिंगरेणीचे 1200 मेगावॅटचे वीजकेंद्रही आहे. गिरणी घरासमोर धूर सोडत नाही, एवढ्यावरून तिला धूर नाही असे समजू नये.

आता ओलीचे पाहू. आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. सोयाबीन काढायच्या वेळी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, परतीचा पाऊस अनेकदा गाठतो. समजा, शेंगा झोडपून निघालेल्या दाण्यात 18 टक्के ओल आहे. बाजारात 12 टक्के ओल चांगली समजतात. एका क्विंटलमधून सुमारे 7 किलो पाणी काढावे लागेल. एक किलो पाण्याची वाफ करायला बरीच उष्णता लागते आणि वाळवणयंत्रात निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर क्विंटलमागे सुमारे एक लिटर डिझेल लागेल. त्यातून 2.7 किलो कार्बन डायॉक्साइड निघेल. वीस क्विंटलला वीस लिटर डिझेल आणि 54 किलो वायू. हेच काम ताडपत्रीवर दोन-तीन दिवसांचे कडक ऊन फुकट करते. आपल्या आयाबाया पापड, कुरडया आणि डाळीच्या वाळवणाला ऊन वापरत आल्या, ते उगीच नव्हे.

पण ओले धान्य तसेच पोत्यात भरले, तर नुकसान याहून मोठे. त्यात बुरशी धरते. भुईमूग, मका आणि सरकीवर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक आहे आणि नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. बुरशी आलेली सरकीची ढेप गाईम्हशीने खाल्ली, तर ते विष बदललेल्या रूपात दुधातही उतरते. बुरशीचे दाणे निवडून गुरांना घालावे, ही समजूत म्हणूनच सोडली पाहिजे. शिवाय सडलेल्या क्विंटलमागे नांगरटीचे डिझेल गेले आणि युरियाही गेला. युरियामुळे जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. किलोला किलो धरले, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायॉक्साइडपेक्षा सुमारे 270 पट उष्णता धरतो. जगात वाया जाणाऱ्या अन्नामुळे एकूण हरितगृह वायूंपैकी 8 ते 10 टक्के सुटतात. म्हणजे धान्य वाचवणे हीच पहिली बचत.

चुलीविषयी थोडे. पऱ्हाटी, तुराट्या यांतला कर्ब पिकाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो कोळशासारखा नाही. सरपणासाठी तोडलेले झाड पुन्हा वाढले, तर त्याचाही हिशेब फिटतो, न वाढले तर नाही. पण तीन दगडांच्या चुलीत लाकूड अर्धवट जळते. उष्णतेचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा भांड्याला लागतो, बाकी वाया जातो. अर्धवट जळण्यातून मिथेन व काजळी निघते. तीच काजळी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि पाठीवरच्या लेकराच्या फुफ्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली.

उटनूर, नारनूरकडे मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये वेचतात. फुले उन्हात वाळतात, त्यात धूर नाही. पण वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची चाल मध्य भारतात बरीच आहे. आग पसरली की मोहाची रोपटी मरतात आणि पुढच्या पिढीला झाड उरत नाही. झाडून साफ करावे, किंवा जुनी साडी अथवा जाळी अंथरावी.

घरी करण्याजोग्या गोष्टी अशा:

1. पोत्यात भरण्यापूर्वी मिठाची परीक्षा घ्यावी. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य व थोडे कोरडे मीठ घालून हलवावे आणि पाव तास ठेवावे. मीठ काचेला चिकटले, तर ओल 15 टक्क्यांहून जास्त आहे. पुन्हा वाळवावे. मीठ सुटे राहिले, तरी कडक उन्हाचा आणखी एक दिवस द्यावा.

2. धान्य मातीवर न टाकता ताडपत्रीवर पातळ पसरावे, तासातासाने हात फिरवावा, संध्याकाळी झाकावे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवावी.

3. तूर घरीच भरडायची असेल, तर गावातल्या पाच-दहा घरांनी मिळून लहान डाळमिल घ्यावी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बनवलेली मिनी डाळमिल गावपातळीवरच्या कामासाठीच आहे. दूरच्या मिलला जाण्या-येण्याचे डिझेल वाचते आणि चुरी घरच्या गुरांना मिळते.

4. डाळ व कडधान्य आधी भिजवावे, झाकण ठेवून शिजवावे. गॅस असेल तर तो वापरावा, नसेल तर धुराडे असलेली सुधारित चूल बांधावी.

या चारांपैकी पहिल्याला खर्च जवळजवळ नाही. म्हणून सुरुवात तिथून करावी असे आम्ही सुचवितो. यंदाचे सोयाबीन घरात येण्याआधी बरणी आणि मीठ तयार ठेवावे.